जीबीएसच्या दिवसांत शाळेने घेतलेली व्हॉइस कॉल सेवा : वापरून पाहिल्यावर

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका अनुदानित मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत मी कार्यालयाचं काम बघते. पालकांच्या फोनवर ध्वनिमुद्रित निरोप पोचवणारी सेवा आमच्या शाळेने २०२५ च्या जानेवारीत घेतली. यादी भरणं, निरोप सोडणं, नंतर अहवाल काढणं हे सगळं माझ्याकडेच होतं, म्हणून इतर शाळांसाठी लिहिते आहे. कंपनीचं नाव देत नाही. अशा सेवा विकणारे बरेच आहेत, आणि मी सांगते आहे त्यातलं बहुतेक त्यांच्यातल्या कुणाकडूनही घेतलं तरी उपयोगी पडेल.

ती घ्यावी का लागली, ते आधी. त्या महिन्यात पुण्यात गुलेन बॅरी सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे संशयित रुग्ण एकदम वाढले. पुढे हा आकडा दोनशेच्या वर गेला. सर्वात जास्त रुग्ण किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, नांदोशी याच पट्ट्यातले, आणि आमची मुलं येतात ती याच पट्ट्यातून. यातली किरकटवाडी, नांदेड आणि नांदोशी ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली. पाणी कुठे विहिरीचं, कुठे टँकरचं, कुठे खाजगी आरओवाल्याच्या जारचं. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू सापडल्याची बातमी आली आणि नळाखाली हंडा लावतानाही बायका विचार करू लागल्या.

घाबरण्यासारखं होतंच. बहुतेकदा आधी जुलाब होतात, मग काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पायांना मुंग्या येतात, ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पण हा आजार शेजारी बसल्याने होत नाही, डबा एकत्र खाल्ल्याने होत नाही. हे शेवटचं वाक्य पालकांपर्यंत पोचवणं हे आमचं खरं काम होतं, कारण दोन बाकांवरची मुलं एका मुलापासून लांब बसायला लागली होती. त्याच्या घरात कुणीतरी दवाखान्यात होतं, एवढंच लोकांना कळलं होतं. त्यालाच जीबीएस झालाय असं गल्लीत ठरूनही गेलं होतं.

व्हॉट्सअॅपचे वर्गवार ग्रुप आमच्याकडे होतेच. पण त्यावर कुणी चिकन बंद करा म्हणे, कुणी पनीर, कुणी काढ्याची कृती टाके, आणि मुख्याध्यापिका बाईंची सूचना त्या गर्दीत वर सरकून नाहीशी होई. आम्ही ग्रुपमध्ये फक्त अॅडमिनला लिहिता येईल अशी सोय केली. गर्दी थांबली. पण स्मार्टफोन घरात एकच आणि तो वडिलांसोबत कामावर, अशी घरं आमच्याकडे खूप. कित्येक आयांकडे बटणांचा फोन. ब्रॉडकास्ट यादीचा पर्याय संगणकाच्या सरांनी सुचवला. त्यात एका यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी शाळेचा नंबर साठवला आहे त्यांनाच निरोप मिळतो, त्यामुळे तोही अर्धाच कामाचा.

मग एसएमएस. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण आयत्या वेळी हीच आडवी येते. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमांनुसार ठोक एसएमएस पाठवायचा तर संस्थेची आणि मजकुराच्या साच्याची आधी नोंदणी लागते. आमचे नोंदलेले साचे होते फीचे, सुट्टीचे, पालकसभेचे. ‘पाणी उकळून प्या’ असा साचा कुणी आणि कशाला नोंदवून ठेवेल? नवा साचा मंजूर होईपर्यंत हातावर हात. शिवाय देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं बसतात, रोमन लिपीत १६०. लक्षणं मराठीत सांगायची तर तीन-चार एसएमएसचे पैसे.

व्हॉइस कॉल सेवा या सगळ्यात उजवी ठरली. पद्धत साधी. वेबसाइटवर जायचं, एक्सेलची यादी चढवायची, आवाज चढवायचा, वेळ द्यायची. पालकाने फोन उचलला की निरोप ऐकू येतो, आणि १ दाबलं की पुन्हा. या ‘पुन्हा’च्या सोयीला मी पैकीच्या पैकी गुण देईन. लातूरकडून आलेले, एका सोसायटीत वॉचमन असलेले एक पालक फाटकावरून सांगत होते, “मॅडम, मी दोनदा ऐकलं, मग घरी गेल्यावर मालकिणीला सगळं सांगितलं. थेंब किती, किती वेळ थांबायचं, सगळं.” महापालिकेने वाटलेल्या क्लोरीनच्या थेंबांबद्दल ते बोलत होते. बाटलीवरची बारीक अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती. ती अक्षरं बाईंनी त्यांना फोनवरून वाचून दाखवली होती.

कंपनी तयार संगणकी आवाजही देते. तो घेऊ नका. त्यात ‘जुलाब’चा उच्चार जाहिरातीसारखा येतो आणि लोक कर्जवाल्याचा फोन समजून कापतात. आमच्या बाईंचा आवाज पालक ओळखतात, अनेकांना तर त्यांनीच शिकवलंय. प्रयोगशाळेचं दार लावून, पंखा बंद करून, साध्या मोबाइलवर आम्ही मुद्रण करायचो. मजकूर विज्ञानाच्या सरांनी लिहायचा आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाने जाहीर केलेल्या सूचनांशी ताडून बघायचा. आकारणी तीस सेकंदांच्या टप्प्याने, म्हणून सगळं एका मिनिटाच्या आत. सुरुवात शाळेच्या नावाने आणि तारखेने. मग आज काय नक्की माहीत आहे, घरी काय करायचं, आणि पुढचा फोन कधी येईल. ‘पुढचा फोन गुरुवारी संध्याकाळी सात वाजता’ या वाक्याने जेवढी माणसं शांत झाली, तेवढी दुसऱ्या कशानेच झाली नाहीत. एरवी दिवसभर कार्यालयात ‘काही नवीन आहे का’ म्हणून विचारणा यायची, ती कमी झाली.

एका निरोपात बाईंनी फक्त एवढंच सांगितलं, की आपल्या शाळेत कुणाच्या घरी आजार असेल तर त्याचं नाव शाळा सांगणार नाही, आणि कुणाच्या शेजारी बसल्याने हा आजार होत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकेने मुलांच्या जागा पूर्ववत केल्या तेव्हा एकाही घरातून तक्रार आली नाही. माझ्या लेखी तो एक निरोपच सगळ्या वर्गणीची किंमत वसूल करून गेला.

अहवालाची सोय चांगली आहे. फोन कुणी उचलला, कुणी कापला, किती सेकंद ऐकला, नंबर बंद आहे का, सगळं दिसतं. बंद नंबरांची यादी आम्ही वर्गशिक्षकांना दिली आणि मुलांच्या दैनंदिनीतून नवे नंबर मागवले. जी घरं तरीही राहिली त्यांच्यासाठी शिपाईमामा सायकलवर कागद घेऊन गेले. २६ जानेवारी रविवारी होता. झेंडावंदनाला आलेल्या पालकांकडूनही गेटवर टेबल टाकून नंबर तपासून घेतले.

आता तक्रारी. मोठी तक्रार ही, की सेवा एकतर्फी आहे. अनोळखी लांबलचक क्रमांकावरून फोन येतो, आणि घाबरलेली आई त्यावर उलट फोन लावते तेव्हा क्रमांक अस्तित्वात नाही असं उत्तर मिळतं. अशा दिवसांत हे फार वाईट आहे. कंपनीच्या माणसाला मी हे सांगितलं, त्याने तांत्रिक अडचण म्हणून हात वर केले. आम्ही प्रत्येक निरोपाच्या शेवटी कार्यालयाचा लँडलाइन नंबर दोनदा सांगायला लागलो, आणि सात ते साडेआठ त्या फोनपाशी कुणीतरी बसायचंच. बहुतेक प्रश्न एकच असायचा : पोराचे पाय दुखतायत, काय करू? खेळून आलाय का, जुलाब झाले होते का, जिना चढता येतोय का, एवढं विचारायचं आणि शंका वाटली तर लगेच डॉक्टरकडे पाठवायचं. औषध सांगायचं नाही. उपचारांसाठी महापालिकेने कमला नेहरू रुग्णालयात सोय केली होती, ती माहिती कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवलेली होती.

दुसरी तक्रार यादीची. मराठीत लिहिलेली नावं वेबसाइटवर चढवली की प्रश्नचिन्हं होतात, त्यामुळे अहवालातला नंबर कुणाचा ते हजेरीशी जुळवत बसावं लागतं. महाराष्ट्रात धंदा करायचा तर एवढं तरी नीट असावं. आणि मदतीचा फोन रविवारी बंद. आजार रविवार बघून थांबत नाही.

दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली. परीक्षा पुढे गेली अशी अफवा आली, ती त्याच संध्याकाळी फोनने खोडता आली, आणि उकळलेल्या पाण्याची बाटली घरून द्या हेही त्यातच सांगितलं. तोपर्यंत पालकांना सातच्या फोनची सवय झाली होती.

पाच-सहाशे मुलांच्या, संमिश्र वस्तीतल्या शाळेने ही सेवा घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. सगळे पालक स्मार्टफोनवाले असतील तर फक्त अॅडमिन लिहील असा ग्रुप पुरेल, पैसे वाचवा. घेताना कंपनीला दोन प्रश्न लेखी विचारा : उलट फोन आला तर तो शाळेच्या नंबरवर वळवता येतो का, आणि सुट्टीच्या दिवशी कॉलची शिल्लक संपली तर भरून कोण देतं. पाणी, ताप, डेंग्यू यांचे एसएमएस साचे मात्र आजच नोंदवून ठेवा. आम्ही जूनमध्ये वर्गणी पुन्हा भरली, आणि पावसाळ्यातला पहिला निरोप कुंड्यांतल्या साचलेल्या पाण्याचा होता.