सेम गाडी, सेम महिना, पण एकीचा टॅक्स तिप्पट

मावसभाऊ मूळ गोव्यातल्या फोंड्याचा, पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. डिसेंबर २०२५ मध्ये एका रात्री त्याचा व्हिडिओ कॉल, दोन गाड्यांचे फोटो टाकलेत बघ आणि कुठली घेऊ सांग. एक पांढरी, एक ग्रे, दोन्ही तीच पेट्रोल एसयूव्ही, दोन्ही जून २०२२ मध्ये रजिस्टर झालेल्या, रनिंगही साधारण सारखंच. ग्रे वालीला मेटॅलिक पेंट, मागेपर्यंत काचेचं सनरूफ, भारीतला म्युझिक सिस्टिम आणि एवढं सगळं असून ती ४०० पौंडांनी स्वस्त. मावशी बाजूला बसून चष्मा वर करून बघत होती, म्हणे सनरूफ कशाला रे, तिकडे ऊन तरी पडतं का.

मीही ग्रेच म्हणणार होतो. पण आदल्या वर्षी त्याच्या रूममेटचा असाच पोपट झालेला, स्वस्तात मिळाली म्हणून गाडी घेतली आणि टॅक्स भरायला बसला तेव्हा आकडा बघून गार, म्हणून आधी मूळ किंमत काढ म्हटलं.

आपल्या डोक्यात रोड टॅक्स म्हणजे शोरूमच्या ऑन रोड कोटेशनमधली एक जाड रक्कम. गोव्यात गाडीच्या किमतीवर टक्के लागतात, गाडी महाग तसा टक्काही चढतो, पलीकडे महाराष्ट्रातही तेच, पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२, त्याच्या वर १३. पण तो भरतो पहिला मालक, एकदाच, १५ वर्षांचा. नंतर जीए ०५ ची, म्हणजे फोंड्याची गाडी तुम्ही सेकंड हँड घेतलीत की आरटीओत नावावर करून घ्यायची, ती नवी असताना कितीची होती याच्याशी तुमचं काय घेणंदेणं नाही.

तिकडे उलटं आहे. टॅक्स दरवर्षी भरायचा आणि गाडीची जुनी किंमत तिच्या मागे लागून नव्या मालकाकडे येते. १ एप्रिल २०१७ नंतर रजिस्टर झालेल्या गाडीला पहिल्या वर्षी धुरावर म्हणजे सीओटूवर टॅक्स, दुसऱ्या वर्षापासून सरसकट एकच दर, २०२५-२६ ला १९५ पौंड. पण लिस्ट प्राइस ४० हजारांच्या वर असेल तर दुसऱ्या वर्षापासून पाच वर्षं वरून जादा टॅक्स, २०२५-२६ ला ४२५ पौंड, म्हणजे वर्षाला ६२०. आणि लिस्ट प्राइस म्हणजे कंपनीने छापलेली, डिस्काउंटच्या आधीची, फॅक्टरीत बसवून आलेल्या एक्स्ट्रांसकट. पहिल्या मालकाला डीलरने पाच हजार सोडले असतील तरी ते धरत नाहीत, आणि तुम्ही आज २१ हजारांना घेताय हे तर कोणी विचारतही नाही. एका पौंडाने वर गेली तरी पूर्ण ४२५.

आता या दोघी. मॉडेलची किंमत ३८,६००. पांढरी तशीच साधी घेतलेली, सुटली. ग्रे वालीचं पेंट, सनरूफ, म्युझिक मिळून ४०,४५०. म्हणजे ४५० पौंडांसाठी तिच्या नशिबी पाच वर्षांची साडेसाती, जून २०२३ ते मे २०२८. त्यातली अडीच वर्षं तेव्हा उरलेली, आणि आधीच्या मालकाने भरलेला टॅक्स गाडीबरोबर येत नाही, नवीन मालकाला पहिल्या दिवसापासून आपला भरावा लागतो. अडीच गुणिले ४२५, हजाराच्या वर गेलं, दर एप्रिलात वाढतो ते वेगळंच. ४०० वाचवायला हजार घालवायचे.

ग्रे घेऊच नये असं नाही हां. सनरूफ हवंच असेल तर पांढरीपेक्षा किमान ११०० पौंड कमी करून माग. नाहीतर अजून जुनी बघ, सहा वर्षं पूर्ण झालेली, मूळची ५० हजारांची असली तरी तिचा जादा टॅक्स संपलेला असतो. मार्च २००१ ते मार्च २०१७ मधली असेल तर लिस्ट प्राइसचा प्रश्नच नाही, तिथे सगळं सीओटूवर, पण मग गाडीचं वय बघा.

आणि खरं सांगू तर मला तिसराच पर्याय आवडलेला. सेकंड हँड इलेक्ट्रिक, पण १ एप्रिल २०१७ ते ३१ मार्च २०२५ मध्ये रजिस्टर झालेली. नवीन होती तेव्हा ५५ हजारांची असली तरी वरचे ४२५ तिला लागत नाहीत, नुसते १९५. त्या तारखेनंतरच्या महागड्या इलेक्ट्रिकना मात्र लागतात. पण हा राहतो भाड्याने वरच्या मजल्यावर, गाडी रस्त्यावर लावतो, चार्जिंगची वायर काय खिडकीतून सोडणार.

शेवटी त्याने डीलरला ग्रेसाठी अजून ७०० कमी करायला सांगितलं. डीलर २५० वर अडला. शनिवारी पांढरी बघायला गेला, लॉगबुकवरचा, म्हणजे तिकडच्या आरसी बुकवरचा नंबर मागून सरकारी साइटवर दर बघितला आणि स्क्रीनशॉट पाठवला. १९५. मावशीने विचारलं पांढरी लवकर मळत नाही का.