रोटर सेलवालं जहाज: सहा महिने चालवून बघितल्यावर

नुकताच कॉन्ट्रॅक्ट संपवून उतरलोय, बल्क कॅरियर (कोळसा, धान्य असला सुटा माल नेणारं जहाज) होतं, डेकवर दोन रोटर सेल. लांबून बघितलं तर सरळ धुराडी वाटतात, पण शिड म्हणजे हेच, उभा गोल सिलेंडर, मोटर त्याला गरगर फिरवते, एका बाजूचा वारा त्याच्याबरोबर पळतो, दुसऱ्या बाजूचा अडतो, दाबात फरक पडतो आणि आडव्या वाऱ्यातून जहाजाला पुढे रेटा मिळतो. स्पिन दिलेला बॉल हवेत वळतो ना, अगदी तेच. आयडिया शंभर वर्षं जुनी आहे, जर्मनीच्या अँटोन फ्लेटनरची, त्याचं बुकाऊ जहाज १९२६ मध्ये अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला गेलेलं.

काम करतं का? करतं! पहिल्यांदा नीट आडवा वारा लागला तेव्हा माझा वॉच (ड्युटीची पाळी) होता, स्पीड तेवढाच आणि इंजिनचा लोड खाली खाली येतोय, मी दोनदा पॅनल तपासला, इंजिनरूमला फोन केला तर ते पण तेच सांगतायत, त्या रात्री खरंच खूप भारी वाटलं. मार्स्क पेलिकन टँकरवर २०१८ ला ३० मीटरचे दोन रोटर लावले होते, वर्षभरात ८.२ टक्के इंधन वाचलं आणि जहाजांची तपासणी करणाऱ्या लॉइड्स रजिस्टर संस्थेने ते तपासून मान्य केलं, त्यामुळे ही नुसती जाहिरात नाही.

पण वारा समोरून असला की उपयोग शून्य, उलट दोन खांब वारा अडवत उभे. आणि जहाज जितकं जोरात पळवाल तितका वारा समोरूनच आल्यासारखा लागतो, म्हणून थोडं सावकाश आणि वारा बघून रूट घेतला तरच खरी बचत. आमच्याकडे नेमकं तेच होत नव्हतं, ऑफिसातून ईटीए (पोचायची वेळ) ठरलेला, दक्षिणेला मस्त वारा दिसत असूनही सरळ रेषेत जा म्हणायचे. एवढं मशीन लावायचं आणि वाऱ्याकडे जाऊ द्यायचं नाही, याचा मला अजून राग येतो.

बाकी त्रास म्हणजे ब्रिजवरून (जिथून जहाज चालवतो ती खोली) पुढचा थोडा भाग झाकला जातो, ट्रॅफिकमध्ये जादा लुकआउट (नजर ठेवणारा माणूस) ठेवावाच लागतो. पोर्टमध्ये ग्रॅब (माल उचलणारा क्रेनचा पंजा) रोटरच्या फार जवळून फिरतो, आमचे आडवे होणारे नव्हते, त्यामुळे कार्गो चालू असेपर्यंत एक माणूस तिथेच उभा. एका बेअरिंगचा सेन्सर खोटा अलार्म द्यायचा, पार्ट यायला दोन महिने लागले. पिक्सिस ओशन नावाच्या बल्करवर (बल्क कॅरियरवर) २०२३ ला बसवलेले शिडाचंच काम करणारे ३७.५ मीटरचे पंख डेकवर आडवे करता येतात आणि पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी दिवसाला सरासरी ३ टन इंधन वाचवलं, बल्करला मी तसलंच काहीतरी सुचवीन.

पाचपैकी चार. जॉइन होणाऱ्यांनी एकच करा, प्रत्येक वॉचला रोटर चालू आणि बंद असतानाचा लोड लॉगमध्ये लिहा, पुढच्या वेळी रूट बदलून मागताना कॅप्टनच्या हातात तेच आकडे लागतात.