साठीच्या आसपास घोडा घेताना: चार वर्षांचा की चौदा वर्षांचा?

पन्नाशी-साठीत घोडेस्वारीकडे परतणाऱ्या माणसापुढे बहुतेक वेळा दोन घोडे येतात. एक चार वर्षांचा, तुकतुकीत अंगाचा, नुकतंच पाठीवर खोगीर घ्यायला शिकलेला. दुसरा चौदा वर्षांचा, पाठीला जरा बाक आलेला, पण कितीतरी नवखे स्वार निभावून नेलेला. मन पहिल्यावर जडतं आणि त्याच्याच रिकिबीत पाय घालताना पोटात गोळा येतो. माझं मत आधीच सांगते: बसायला चौदा वर्षांचाच घ्या. चार वर्षांचा आधीच तबेल्यात उभा असेल, तर त्याचं काय करायचं तेही पुढे लिहिलं आहे.

या वयात वाटणारी भीती खोटी नसते. हाडं पूर्वीसारखी राहिलेली नसतात, मोडलं तर जुळायला वेळ लागतो, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्याला बसलेला साधा मारही जिवावर बेतू शकतो. म्हणून ‘घाबरताय काय, बसा की’ म्हणणाऱ्या प्रशिक्षकापासून लांब राहा. हाडांची घनता तपासून घ्या, डॉक्टरांना स्वारीबद्दल स्पष्ट सांगा, चांगलं हेल्मेट आणि छाती-पाठीचं संरक्षक जाकीट वापरा. हे केलं की भीतीतला खरा वाटा कमी होतो. उरलेली भीती घोड्याच्या पाठीवरच जाते, आणि तिथे या दोन घोड्यांत फार मोठा फरक पडतो.

घाबरलेला माणूस श्वास रोखतो, गुडघे आवळतो, पुढे वाकतो आणि लगाम ओढतो. चौदा वर्षांच्या शहाण्या घोड्याने असे स्वार खूप पाहिलेले असतात. तो कान जरा मागे करतो, गती कमी करतो आणि चालत राहतो. तेवढ्या वेळात तुमचा श्वास सुटतो, मांड सैल होऊन खोगिरात बसते, आणि काही बिघडलं नाही हे शरीराला स्वतःला कळतं. भीती कमी होते ती अशीच, पुन्हा पुन्हा काहीही वाईट न घडल्याने. चार वर्षांच्या घोड्याला यातलं काही ठाऊक नसतं. वर बसलेला माणूस आखडला म्हणजे जवळपास काहीतरी भयंकर आहे, एवढंच तो समजतो. स्वीडनमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वारांना सांगितलं होतं की पुढच्या फेरीत घोड्यासमोर छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही, तरी स्वारांबरोबर घोड्यांच्याही हृदयाचे ठोके वाढले. कोवळ्या घोड्यावर दोघंही एकमेकांना घाबरवत राहतात. शिवाय तो शिकण्याच्या वयात असल्याने तुमची आखडलेली मांडही शिकून घेतो.

रेसकोर्सवरून निवृत्त झालेल्या पाच-सहा वर्षांच्या थरोब्रेडबद्दल, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्याबद्दल, वेगळं सांगायला हवं, कारण मुंबई-पुण्याकडे तो पुष्कळदा स्वस्तात मिळतो. जॉकीने लगाम घट्ट धरला की त्यावर भार टाकून पळायचं, हे तो शर्यतीत शिकलेला असतो. घाबरलेला स्वार नेमकं तेच करतो, दोन्ही हातांनी ओढून धरतो, आणि घोडा वेग घेतो. नव्याने शिकवलेला थरोब्रेड उत्तम होतो, पण ते शिकवणं पूर्ण झाल्यावरच तुम्ही त्याच्यावर बसा.

दोघांच्या शरीराचा हिशेबही वेगळा आहे. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालते. त्यामुळे चार वर्षांच्या घोड्यावर थोडा वेळ, हलकं काम, एवढंच योग्य. चौदा वर्षांच्या घोड्याचे सांधे कुरकुरतात, दात घासून घ्यावे लागतात, नालांकडे जास्त लक्ष लागतं आणि डॉक्टरांचा खर्च वाढतो. हा खर्च मला परवडण्याजोगा वाटतो. हॉस्पिटलचा त्याहून मोठा असतो.

आयुष्याचं गणित लोक मांडतच नाहीत. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. साठाव्या वर्षी चार वर्षांचा घोडा घेतलात तर तुमच्या ऐंशीतही तो असेल, आणि तेव्हा त्याला कोण पाहील हे आजच ठरवावं लागेल. चौदा वर्षांचा घोडा तुमच्याबरोबरच म्हातारा होतो. वयस्कर घोडा म्हणजे तडजोड, असं मात्र समजू नका. जपानचे हिरोशी होकेत्सू 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 71 व्या वर्षी ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली आणि हालचाली करवून घेण्याच्या स्पर्धेत, उतरले, आणि त्यांची घोडी व्हिस्पर तेव्हा 15 वर्षांची होती.

आता चार वर्षांचा घोडा घरात असेल तर. विकायची घाई करू नका. त्याला काही महिने चांगल्या चाबुकस्वाराच्या, म्हणजे घोडे शिकवून तयार करणाऱ्याच्या, हाती द्या आणि तुम्ही त्याचं जमिनीवरचं काम करा: खरारा, हातात धरून चालवणं, लांब दोरीवर गोल फिरवणं, थांब म्हटलं की थांबायला शिकवणं. यातून तो तुम्हाला ओळखू लागतो आणि तुम्हालाही त्याचे कान, डोळे, शेपटी वाचता येऊ लागते. स्वारी मात्र त्या काळात एखाद्या वयस्क घोड्यावर करा, क्लबचा चालेल. पुढे त्याच्यावर बसाल तेव्हा उंच ठोकळ्यावरून बसा, आधी चाबुकस्वाराने फिरवलेला असू द्या आणि पहिल्या फेऱ्या फक्त चालीवर घ्या. बावचळला तर दोन्ही लगाम ओढू नका, एका बाजूला वळवून लहान वर्तुळात घ्या. नको वाटलं तर उतरा. उतरण्यात कमीपणा काहीच नाही. नर असेल तर खच्ची करण्याबद्दल पशुवैद्यांशी बोला, कारण ऐन वयातला नर घोडा घोडीच्या वासाने स्वाराला विसरतो.

घ्यायला जाल तेव्हा बाजाराचा मोह ओळखा. तापीकाठी सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत नाचरे घोडे, पंचकल्याणी रंग (चारही पाय आणि तोंड पांढरं) आणि अंगावरचे केसांचे भोवरे यांवर गर्दी जमते. तुम्ही दात पाहा. पाचव्या वर्षापर्यंत समोरचे सगळे पक्के दात आलेले असतात. वरच्या कोपऱ्याच्या दातावर साधारण दहाव्या वर्षी खाच दिसू लागते आणि पंधराव्याच्या सुमारास ती निम्म्यापर्यंत उतरते. हा अंदाज असतो, पण ‘आठच वर्षांचा आहे, साहेब’ हे तपासायला पुरतो. मारवाडी-काठियावाडी घोड्यांपैकी काही रेवाल नावाची जलद पण मऊ चाल चालतात. त्या चालीत धक्के कमी बसतात, आणि कंबर-गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिने खूप आराम पडतो. अशी चाल असलेली बारा-चौदा वर्षांची घोडी मिळाली तर रंग पाहू नका.

आधी विकणाऱ्याला घोड्यावर बसायला सांगा, तुम्ही नंतर बसा. पकडताना, खोगीर घालताना तो कसा वागतो ते स्वतः पाहा. इतर घोड्यांपासून एकटा दूर न्यायला लावा आणि मोटारसायकलीच्या जवळून चालवून बघा. दुसऱ्या दिवशी न सांगता पुन्हा जा. आदल्या दिवशी दमवून गरीब केलेला घोडा तेव्हा आपला खरा स्वभाव दाखवतो. पशुवैद्यांकडून पाय आणि सांधे तपासून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.