फिमो प्रोफेशनल: प्रदर्शनात मांडायच्या दागिन्यांसाठी घ्यावी का?

आधीच सांगते, दिवाळीच्या स्टॉलवर शंभर-दीडशेला विकायची कानातली करायची असतील तर फिमो प्रोफेशनल या पॉलिमर क्लेच्या, म्हणजे ओव्हनमध्ये भाजून कडक होणाऱ्या रंगीत प्लास्टिकच्या मातीच्या, वाट्याला जाऊ नका. परवडत नाही, आणि मळून मळून मनगटं भरून येतात ते वेगळंच. पण दागिना काचेखाली, वर स्पॉटलाइट आणि समोर नाक लावून बघणारे लोक असा मामला असेल, तर माझ्या मते हिला तोड नाही. काळा घोड्याच्या म्युझियम गॅलरीत आमचा ग्रुप शो होता, त्यासाठी अख्खा सेट मी हिच्यातच केला.

स्टेडलर या जर्मन कंपनीची ही क्ले, 85 ग्रॅमची वडी येते. पाकीट फोडल्यावर वाटतं खराबच निघाली, इतकी घट्ट. सुरीने पातळ काप करा, तळहातात मळा, मग पास्ता मशीनच्या सगळ्यात रुंद फटीतून काढा. दर वेळी घडीची बाजू आधी आत घाला, नाहीतर हवा कोंडते आणि भाजताना फोड येतात.

मुंबईच्या उकाड्यात हा घट्टपणाच उपयोगी पडतो. मी खणाची नक्षी केनमध्ये, म्हणजे आरपार तीच नक्षी असलेल्या क्लेच्या जाड कांडीत, बांधली होती: काळ्यावर लाल ठिपका, भोवती पांढरी बारीक रेघ. मनगटाएवढा केन दाबत-ओढत पेन्सिलीएवढा केला, जरा वेळ फ्रिजमध्ये ठेवून चकत्या कापल्या, आणि रेघ जिथल्या तिथे! मऊ क्लेत ती फिसकटते. मग खण कुठला, गोधडीच.

पांढरा रंग मात्र छळतो. पंख्याखाली बसलात की केस, धागे, धूळ, सगळं त्याच्यावर. पांढरं काम सगळ्यात आधी, धागे न सोडणारे कपडे घालून, वेट वाइप्सने हात पुसून करायचं. कच्च्या तुकड्यावर कचरा बसलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कानकोरणीचा कापूस अलगद फिरवा. आणि कच्ची क्ले कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत ठेवू नका, ती डबीलाच खाते. बटर पेपर बरा.

भाजणं 110 अंशांवर 30 मिनिटं. ओटीजी ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवाच. वरून फॉइलचं झाकण घातलं की पांढरा पिवळट पडत नाही. 130च्या वर गेलात तर करपून त्रासदायक वाफा निघतात, कारण मुळात हे पीव्हीसी आहे.

चमक हवी म्हणून नेलपॉलिश लावणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. काही दिवसांत चिकट होतं. पाण्यात बुडवून 400, 600, 1000, 2000 नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने घासत जा, शेवटी जीन्सच्या तुकड्यावर रगडा. स्पॉटलाइटखाली वार्निश काचेसारखं चकाकतं आणि नक्षी दिसेनाशी होते. घासलेल्या तुकड्यावर उजेड छान पसरतो.

याच पीव्हीसीमुळे, एखाद्या संग्रहालयात तुमचं काम जुन्या चांदी-तांब्याशेजारी ठेवायचं म्हणाले, तर तिथल्या संवर्धकांशी, म्हणजे जुन्या वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञांशी, आधी बोलून घ्या. पीव्हीसी जुनं होताना आम्ल सोडू शकतं, म्हणून बंद शोकेसमध्ये ते त्यांना नको असतं. शोकेसमध्ये जाणारी सामग्री तपासायला ते ओडी टेस्ट करतात: चांदी, तांबं, शिसं यांच्या पट्ट्यांसोबत 60 अंशांवर 28 दिवस. आमचा शो मोजक्या दिवसांचा, तेव्हा वेगळी शोकेस आणि खाली आम्लविरहित कागद एवढ्यावर भागलं.

विकत घेताना पाकीट दाबून बघा. एका ऑनलाइन विक्रेत्याने मला उन्हात अर्धवट भाजून निघालेल्या वड्या पाठवल्या. कितीही मळल्या तरी भुगाच, आणि पैसे परत द्यायला तयार नाही. दुकानात जाऊन अंगठ्याने चेपली आणि खळगा पडला, तरच घ्या.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण माझ्या मनगटांनी कापला.