चॉकलेट पॉट, खोटा शिक्का आणि गेलेले १,२१५ डॉलर

हातानं रंगवलेली जुनी पोर्सिलेन भांडी जमवत असाल तर हे पैसे देण्याआधी वाचा. इथे अमेरिकेत एका विक्रेत्यानं मला चॉकलेट पॉट (गरम चॉकलेट ओतायचं उंच भांडं) आणि सहा कपबश्यांचा सेट 'पिकार्ड, साधारण १९१०' म्हणून १,१५० डॉलरना विकला. पिकार्ड म्हणजे पोर्सिलेनवर हातानं रंगकाम करणारी इथली नावाजलेली कंपनी. वर ६५ डॉलर पाठवणावळ. भांडी फ्रान्समधल्या लिमोजची आहेत, जुनीही आहेत, पण पिकार्डची नाहीत. कुणीतरी हौसेनं घरी रंगवलेला सेट, आणि त्यावर शिक्का हल्ली मारलेला. जाणत्या डीलरनं त्याची किंमत सांगितली १४० डॉलर.

त्या काळी पांढरी कोरी भांडी फ्रान्स-बव्हेरियातून यायची आणि इथे रंगवली जायची. १८९३ मध्ये स्थापन झालेली पिकार्ड हेच करत होती आणि असंख्य बायका घरोघरीही हेच करत होत्या. म्हणजे तळाला ग्लेझखाली (भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत थराखाली) असलेला हिरवा शिक्का फक्त कोरं भांडं कुणाचं ते सांगतो. रंगवलं कुणी, हे ग्लेझवरच्या दुसऱ्या शिक्क्यावरून ठरतं, आणि सगळी लबाडी त्या दुसऱ्या शिक्क्यात असते. चित्रकाराच्या सहीवरही जाऊ नका, घरी रंगवणाऱ्या बायकाही सही करायच्या, साल घालायच्या.

वर पुरावा म्हणून विक्रेत्यानं 'केरॅमिक स्टुडिओ' या जुन्या मासिकाचं पान पाठवलं. नक्षी हुबेहूब तीच, सपाट पानाफुलांची, काळ्या रेघेत बांधलेली. अहो, अ‍ॅडेलेड रॉबिनो यांच्या संपादनाखाली १८९९ मध्ये सुरू झालेलं ते मासिक नक्ष्या छापायचंच मुळी वाचकांनी उतरवून घ्याव्यात म्हणून! नक्षी जुळली तर उलट घरी रंगवल्याचाच संशय घ्यायला हवा.

सगळ्यात झोंबतं ते तळाच्या फोटोचं. शंभर वर्षं टेबलावर सरकलेल्या भांड्याच्या तळाला बारीक चरे असतातच. खऱ्या शिक्क्यावरून चरे जातात, म्हणजे ते शिक्का कापतात. इथे शिक्क्याचा रंग चऱ्यांत उतरला होता. चरे आधीचे, शिक्का नंतरचा. फोटो मोठा केला की ते दिसतं. पण त्यानं पाठवलेला फोटो छोटा, तिरक्या उजेडातला; मोठा मागितला तर 'आणखी दोघं रांगेत आहेत' हे उत्तर. अशा वेळी कुणीही पैसे भरले असते.

भांडं हातात आल्यावर अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस शिक्क्यावर फिरवला आणि कापूस लाल झाला. भट्टीत भाजलेला शिक्का अ‍ॅसिटोननं हलत नाही. (सोनेरी कडेवर किंवा जोडलेल्या मुठीवर अ‍ॅसिटोन लावू नका, जुनी डागडुजी विरघळते.) दहापट भिंगातून नक्षीही बघा: छापील डिकालमध्ये (भांड्यावर चिकटवलेल्या छापील चित्रात) ठिपक्यांची जाळी दिसते, हातच्या कामात कुंचल्याचे कमी-जास्त जाड फटकारे. माझ्या सेटवर काम हातचंच होतं, म्हणूनच फसवणूक पचली.

मग सुरू झाली तक्रारींची यातायात. विक्री संकेतस्थळ म्हणालं, तक्रारीची मुदत संपली. पार्सलच महिनाभर उशिरा आलं, ते कुणी ऐकेना. पैसे पाठवणाऱ्या कंपनीनं सांगितलं, तुम्ही 'मित्र-नातेवाईक' पर्याय निवडलात, त्याला संरक्षण नाही. तो पर्याय विक्रेत्यानंच फी वाचवायला म्हणून सुचवला होता, तसा निरोपही माझ्याकडे आहे! पोलिसांनी दिवाणी बाब म्हणून कागद परत केला. ऑनलाइन तक्रारीला नुसता क्रमांक मिळाला, माणूस नाही. चऱ्यांचे फोटो, लाल कापूस, डीलरचं लेखी मत, सगळं जोडलं, तरी एकानंही उघडून पाहिलं नाही. उलट विचारतात, 'भांडं तर मिळालं ना?' १४० डॉलरचा सेट १,१५० ला विकणं यांच्या लेखी गुन्हाच नाही. आणि तोच विक्रेता आजही तसाच लाल शिक्का मारलेली दुसरी भांडी लावून बसलाय.

पैसे कार्डानंच द्या आणि 'पिकार्ड नसल्यास पूर्ण परतावा' हे आधी लेखी घ्या. ते लिहून द्यायला नकार आला, की तिथूनच मागे फिरा.