‘मोफत पाय तपासणी’च्या नावाखाली आईला विकलेल्या चपला

सोसायटीच्या हॉलमध्ये ‘मोफत पाय तपासणी शिबिर’ असं पत्रक लागलं असेल आणि घरात कुणाला मधुमेह असेल, तर जाण्याआधी एवढं वाचा.

आईची टाच बरेच महिने दुखत होती. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की कळ यायची, जरा चाललं की कमी व्हायची. शिबिरात पांढऱ्या कोटातल्या माणसाने तिला मशीनवर उभं केलं, पडद्यावर तळव्याचा लाल-पिवळा ठसा दाखवला आणि म्हणाला, “काकू, टाचेचं हाड वाढलंय. आत्ताच बघा, नाहीतर ऑपरेशन.” मग पुढे केल्या चुंबकवाल्या, टोकदार गाठींच्या अॅक्युप्रेशर चपला. साडेचार हजार, रोख. शुगरही उतरते म्हणे! बिलाऐवजी वॉरंटी कार्ड मिळालं, त्यावर पत्ता नाही, नुसता मोबाइल नंबर. तो आता बंद आहे.

पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण संताप वेगळाच आहे. आपल्याला मधुमेह आहे हे आईने त्याला सांगितलं होतं. जुन्या मधुमेहात तळव्याची संवेदना कमी होऊ शकते, तिथे अशा गाठी म्हणजे जखमेला आमंत्रण. आईच्या पायाला फोड आला, फुटला, तिला कळलंच नाही. मोज्यावर डाग दिसला तेव्हा आम्ही हादरलो. अशी जखम चिघळली तर बोट, कधी पाऊलही गमवावं लागतं.

हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, वाढलेलं हाड एक्स-रेत दिसतं. त्या मशीनवर फक्त तळव्यावरचा दाब कळतो. शिवाय टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांचंही हाड वाढलेलं असतं. आईला प्लांटर फॅसायटिस होता, म्हणजे टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्याचा जाड पट्टा दुखावलेला. दिवसभर ओट्याशी उभं राहणं, खाली कडक फरशी, पायात झिजून पापुद्र्यासारखी झालेली सपाट स्लिपर. डॉक्टरांनी मऊ एमसीआरची (मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची) चप्पल आणि पोटरी ताणायचे व्यायाम दिले. वेळ लागतो, पण बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही.

मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. म्हणून पत्रकाचा फोटो काढून ठेवा, पक्कं बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, तपासणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारा. फसवणूक झालीच असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करा. आम्ही केली आहे, आणि सोसायटीच्या कमिटीलाही लेखी दिलंय की यापुढे चौकशी केल्याशिवाय हॉल कुणाला देऊ नका.