कूलंट टेंपरेचर सेन्सर: स्कॅनर लावायचा, मल्टीमीटर लावायचा की सरळ नवा बसवायचा?

इंजिन थंडगार असतानाही रेडिएटरचा फॅन गरगरतोय, ॲव्हरेज घसरलंय, आणि गरम गाडी बंद करून पाच-दहा मिनिटांनी पुन्हा स्टार्टर मारला की घेताना कुरकुर करते. गॅरेजमध्ये एवढं सांगितलं की बऱ्याचदा पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "सेन्सर गेलाय, बदलून टाकू." गेला असेलही. पण याच तक्रारी लूज कपलरमुळे (सेन्सरला वायरी जोडणारा प्लग) किंवा उंदरानं कुरतडलेल्या वायरीमुळेही येतात, आणि मग नवा सेन्सर बसवूनही फॅन फिरतच राहतो.

हा सेन्सर म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, म्हणजे कूलंटमध्ये बसवलेला, तापमानानुसार रेझिस्टन्स बदलणारा तुकडा. थंड असताना रेझिस्टन्स जास्त, गरम झाला की कमी. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, त्याला ५ व्होल्ट देतो आणि किती व्होल्टेज उरलं त्यावरून तापमान ओळखतो. कपलर निघाला किंवा वायर तुटली की ईसीयूला वाटतं कूलंट उणे ४० अंशांवर आहे. मग तो पेट्रोल वाढवतो, आणि खबरदारी म्हणून बऱ्याच गाड्यांत फॅनही चालू ठेवतो.

माझं मत आधीच सांगतो: हजाराच्या आतबाहेर मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाईलवरचं ॲप, ही पहिली पायरी. ईसीयूनं नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचायला नव्हे, लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे चालू आकडे बघायला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करा आणि दोन आकडे शेजारी ठेवा: कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. दोन्ही जवळपास सारखे हवेत, दोन-चार अंशांचा फरक चालेल. हवा १६ आणि कूलंट ५५ दाखवत असेल तर कुणीतरी खोटं बोलतंय. मग इंजिन सुरू करून आकडा चढताना बघा. बहुतेक गाड्यांत तो सावकाश ८०-९०च्या घरात जाऊन स्थिरावतो. मध्येच ७२ वरून ३०, पुन्हा ७४ अशी उडी मारली तर संशय सेन्सरवर किंवा कपलरवर, कारण पाणी सेकंदात चाळीस अंश थंड होत नाही. उडी नाही, पण हायवेला लागल्यावर आकडा ६५पर्यंत उतरतो? मग सेन्सर खरं बोलतोय, थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारं कूलंट अडवणारा-सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय. इथे नवा सेन्सर घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

कोडच्या बाबतीत लोक फसतात. पी०११८ म्हणजे सर्किट ओपन, पी०११७ म्हणजे शॉर्ट. सर्किट म्हटलं की त्यात वायर आणि कपलरही आले. पी०१२८ दिसला तर बहुधा थर्मोस्टॅटकडेच वळायचं. एक अडचण मात्र आहे: भारतात ओबीडी-२, म्हणजे ज्याच्याशी हा स्कॅनर बोलतो ती गाडीतली बिघाड ओळखणारी यंत्रणा, सक्तीची झाली ती एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या गाडीत हा स्कॅनर बोलेलच याची खात्री नाही.

मल्टीमीटर याहून स्वस्त, आणि सेन्सरलाच थेट विचारतो. कपलर काढून दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजायचा: २५ अंशांना साधारण दोन-तीन किलोओहम, ८०-९० अंशांना दोन-तीनशे ओहम. नेमके आकडे गाडीगणिक बदलतात, म्हणून सर्व्हिस मॅन्युअल हाताशी नसेल तर गरम-थंडातला मोठा फरक तेवढा बघा. अधूनमधून दगा देणारा सेन्सर मीटरसमोर हटकून शहाण्यासारखा वागतो, ही याची मर्यादा. शिवाय काही गाड्यांत तो एअर फिल्टरच्या डब्याखाली असतो, तिथे हात पोचतानाच घाम फुटतो.

सेन्सर दोन वायरींचा असेल तर मीटर न घेताही वायरिंग तपासता येतं. थंड इंजिनावर कपलर काढा, स्कॅनरवर उणे ४० यायला हवं. मग वायरीच्या बाजूच्या कपलरमधल्या दोन पिना छोट्या तारेनं जोडा, आकडा १३०च्या आसपास किंवा वर जायला हवा. दोन्ही झालं तर वायर आणि ईसीयू ठीक, दोषी सेन्सर. आकडा हललाच नाही तर वायरिंग बघा. मात्र काही ईसीयू बिघाड ओळखून स्वतःचाच ठराविक आकडा दाखवतात, तिथे ही युक्ती चालत नाही. नंतर राहिलेला कोड पुसून टाका.

तपासणी न करता थेट बदलायचा तो एकाच वेळी: सेन्सरची बॉडी तडकलीय किंवा त्याच्या बुडातून कूलंट झिरपतंय. बदलल्यावर कूलंट भरून हवा काढायला विसरू नका. सेन्सरभोवती बुडबुडा राहिला तर नवाकोरा सेन्सरही चुकीचं सांगतो.

डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याला वेगळा आणि ईसीयूला वेगळा सेन्सर असलेली जुनी गाडी, किंवा दिवसेंदिवस न सापडणारा बिघाड असेल तर चांगल्या गॅरेजला स्कॅनिंगचे पैसे द्या, ते वसूल होतात. आणि खंबाटकी किंवा कसारा घाटात तापमानाचा लाल दिवा लागला तर यातलं काहीही करू नका. "सेन्सरच असेल" म्हणत गाडी रेटायची नाही. बाजूला घ्या, बंद करा, आणि इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका.